टीव्हीचा भाव उतरला, नावाचा नाही! महाड-पोलादपूरकरांसाठी खरेदीचा हिशेब

१९९० च्या सुमारास रंगीत टीव्ही घ्यायचा म्हणजे दहा-बारा हजार रुपये मोजावे लागत आणि त्यासाठी घरात दोन-दोन वर्षे पैसे साठवले जात. आज तेवढ्याच रुपयांत बत्तीस इंची स्मार्ट टीव्ही दारात येतो. मधल्या काळात बाकी सगळे महागले, टीव्ही मात्र स्वस्त झाला. त्यामुळे आता प्रश्न ‘परवडेल का?’ हा उरलेला नाही. कोणत्या नावाला किती पैसे द्यायचे आणि ते नाव महाडच्या बाजारपेठेपर्यंत, पोलादपूरच्या वाडीपर्यंत मागे येते का, हे पाहायचे आहे.

पुढचे भाव सप्टेंबर २०२५ मधल्या जीएसटी कपातीनंतरचे आणि ढोबळ आहेत. दुकानागणिक आणि सणागणिक त्यात हजार-दोन हजारांचा फरक पडतो. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप महागल्याने भाव काहीसे वर सरकू लागले होते, हेही लक्षात ठेवा.

भाव का उतरले?

टीव्हीच्या किमतीतला सर्वात मोठा वाटा पडद्याचा, म्हणजे पॅनेलचा असतो. हे पॅनेल काचेच्या प्रचंड तावातून कापतात. चीनमध्ये २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या नव्या पिढीच्या कारखान्यांत हा ताव २९४० बाय ३३७० मिलिमीटरचा असतो. त्यातून पासष्ट इंची आठ पडदे निघतात आणि काच फारशी वाया जात नाही. असे कारखाने एकामागून एक उभे राहिले आणि मालाचा पूर आला. कोरियाच्या सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडी पॅनेल बनवणे सोडले. एलजीनेही चीनमधला आपला मोठा एलसीडी कारखाना टीसीएलच्या कंपनीला विकला. आज साध्या एलईडी टीव्हीचा पडदा, वर नाव कोणतेही असो, बहुधा चीनमधलाच असतो.

दुसरे कारण कराचे. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर २०१९ पासूनच १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या टीव्हीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इथे एक हिशेब पक्का करून ठेवा. कराआधी ३०,००० रुपयांचा टीव्ही पूर्वी ३८,४०० ला पडायचा, तो आता ३५,४०० ला पडायला हवा. म्हणजे बचत ३,००० रुपयांची, सुमारे आठ टक्के. ‘जीएसटी कमी झाला म्हणून खास सवलत’ असा फलक दिसला, तर ती सवलत आठ टक्क्यांच्या वर किती आहे ते विचारा. आठ टक्क्यांपर्यंतची सवलत दुकानदाराने दिलेली नसते, सरकारने दिलेली असते.

जीएसटी कपातीनंतरचे भाव

* ३२ इंची, एचडी: कमी जाहिरातीच्या नावांचे ८,००० ते १०,०००, मोठ्या नावांचे १२,००० ते १५,०००.
* ४३ इंची, फोर के: भाड्याच्या नावांचे (ती कोणती ते पुढे येईल) १८,००० ते २२,०००, चिनी मोठ्या कंपन्यांचे २३,००० ते २८,०००, सॅमसंग-एलजीचे २८,००० ते ३५,०००, सोनीचे चाळीस हजारांच्या पुढे.
* ५५ इंची, फोर के: २८,००० पासून ५०,००० पर्यंत; सोनी साठीच्या घरात.
* ६५ इंची, मिनी एलईडी: ६५,००० ते १ लाख.
* ५५ इंची, ओलेड: १ लाख ते १ लाख ४० हजार.

आकार दुकानात नव्हे, घरी ठरवा. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर फुटात मोजा. पाच-सहा फूट असेल तर ४३ इंच पुष्कळ झाले, सात-आठ फूट असेल तर ५५. घरात अजून साधी केबल किंवा मोफत डिशच असेल, तर मोठा पडदा चित्र सुधारत नाही, त्यातले दोष मोठे करून दाखवतो.

आकड्यांइतकाच खोक्यावरचा मजकूर वाचा. ‘क्यूएलईडी’ आणि ‘मिनी एलईडी’ हे एलसीडीचेच सुधारित प्रकार आहेत; ओलेड वेगळा, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. स्मार्ट टीव्हीत रॅम २ जीबी आणि साठवण १६ जीबी असावी. १ जीबी आणि ८ जीबीचा टीव्ही दोन वर्षांत ॲप उघडायला मिनिटभर लावतो, आणि पडदा चांगला असूनही घरचे तो बदलायची भाषा करू लागतात. मागच्या बाजूला बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो नसलेला टीव्ही फुकट दिला तरी घेऊ नका.

नाव कोणाचे, माल कोणाचा?

टीव्हीच्या बाजारातली नावे चार प्रकारची आहेत. ती ओळखता आली की निम्मी खरेदी झाली.

पहिला प्रकार स्वतःच्या गटात पडदे बनवणाऱ्यांचा: एलजी, सॅमसंग, टीसीएल. ओलेड टीव्हीचे पडदे जगात प्रामुख्याने एलजी आणि सॅमसंग या दोन गटांकडूनच येतात. एलजीचा कारखाना तर आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाच आहे.

दुसरा प्रकार सोनीसारख्यांचा. पडदा बाहेरून घ्यायचा, पण चित्रावर संस्कार करणारी चिप, रंगांची जुळणी आणि आवाज यांवर स्वतः मेहनत करायची. सोनीचे जास्तीचे दहा-पंधरा हजार या कामाचे असतात. जुने सिनेमे, क्रिकेट आणि कमी दर्जाचे प्रक्षेपण यांत हा फरक डोळ्यांना दिसतो. दुकानात लावलेल्या झगमगीत डेमो चित्रफितीत तो दिसत नाही. म्हणून पेनड्राइव्हवर एखादा जुना मराठी सिनेमा घेऊन जा आणि तो लावायला सांगा.

तिसरा प्रकार भाड्याच्या नावांचा. कोडॅक, थॉमसन, ब्लाउपुंक्ट ही परदेशातली जुनी नावे. भारतात या नावांचे टीव्ही एकच भारतीय कंपनी परवान्यावर बनवते आणि विकते. तोशिबाचा टीव्ही व्यवसाय चीनच्या हायसेन्सकडे गेला, फिलिप्सच्या नावाचे टीव्ही तैवानी मुळाची टीपीव्ही ही कंपनी काढते. यात फसवणूक काही नाही. माल वाईट असतोच असेही नाही, आणि कमी किमतीत हे टीव्ही पुष्कळदा सोयीचे पडतात. पण ‘कोडॅक म्हणजे शंभर वर्षांची कंपनी’ असे म्हणून दोन हजार जास्त देऊ नका. ती शंभर वर्षे फोटोच्या फिल्मची आहेत.

चौथा प्रकार दुकानांच्या स्वतःच्या छापाचा. क्रोमासारख्या साखळीचा स्वतःचा छाप असतो. बीपीएल हे एकेकाळचे घरोघरचे नावही आता रिलायन्स रिटेल परवान्यावर वापरते. असा टीव्ही त्याच साखळीची शाखा तुमच्या आवाक्यात असेल तरच घ्यावा.

नाव कायमचे नसते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावात धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने टीव्हीचे साम्राज्य उभारले. सान्सुईसारखी जपानी नावेही ती कंपनी विकत असे. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जाहिरातीत ‘शेजाऱ्याचा हेवा’ विकणाऱ्या शिंगवाल्या सैतानाची ओनिडाही १९८१ साली मुंबईत सुरू झालेली आणि वाड्याला कारखाना असलेली. आज ते नाव बाजारात शोधावे लागते. ज्यांनी ही नावे पाहून टीव्ही घेतले त्यांचे काही चुकले नव्हते. पण पाच वर्षांची वाढीव वॉरंटी विकत घेताना पाच वर्षांनी ती कोण पाळणार, हा प्रश्न विचारण्याइतका धडा त्यातून घ्यावा.

तुमच्या पिनकोडला कोण येतो?

महाड-पोलादपूरच्या ग्राहकासाठी नावाची खरी परीक्षा इथे आहे. दुकानदार म्हणेल, “दादा, कंपनीचा माणूस घरी येतो, काळजीच नको.” लगेच विचारा, “कुठून येतो?” उत्तर महाड असेल तर ठीक. माणगाव असेल तरी चालेल. पनवेल किंवा चिपळूण असेल, तर पावसाळ्यात महामार्गावर वा कशेडी घाटात काय चालले आहे, त्यावर तुमचा टीव्ही अवलंबून राहील.

दुकानदाराच्या शब्दावर थांबू नका. पैसे देण्याआधी, दुकानातच उभे राहून, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा:

* ४०२३०१ (महाड) किंवा ४०२३०३ (पोलादपूर) या पिनकोडला घरपोच सेवा आहे का?
* सेवा केंद्र कोणत्या गावात आहे आणि तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येतो?
* वॉरंटीत येण्या-जाण्याचे पैसे लागतात का? शहराच्या हद्दीबाहेर किती?

महाड शहरात ‘हो’ आणि उमरठ, साखर किंवा कापडे भागात ‘टीव्ही केंद्रावर आणून द्या’, असे उत्तर मिळू शकते. ५५ इंची टीव्ही साखरहून महाडला टेम्पोने आणायचा आणि परत न्यायचा, तर दोन फेऱ्यांचे भाडेच दोन-तीन हजारांवर जाते. दोन नावांत चार हजारांचा फरक असेल आणि महागड्या नावाचा माणूस दारात येत असेल, तर पोलादपूरच्या वाडीत महागडे नावच स्वस्त पडते. महाड शहरात हाच फरक वाचवलेला बरा.

आवाज: इथे नाव जास्त फसवते

टीव्ही पातळ झाले तशी आवाजाला जागा उरली नाही. म्हणून साउंडबार आले. ढोबळ भाव असे:

* वूफरसह देशी नावाचा साउंडबार: ५,००० ते १०,०००.
* मागच्या दोन स्पीकरांसह तारांचा ५.१ संच: १५,००० ते २०,०००.
* जेबीएल, सॅमसंग, सोनी यांचे वरच्या श्रेणीतले साउंडबार: ३५,००० ते ९०,०००.
* वेगळा ॲम्प्लिफायर (एव्ही रिसीव्हर) आणि पाच स्पीकर, एक वूफर: ६०,००० पासून लाखाच्या पुढे.

शौकिनांच्या जगात डेनॉन, मॅरँट्झ, बाउवर्स अँड विल्किन्स, हर्मन कार्डन ही वजनदार नावे. पण तीही आता एका छत्राखाली येत चालली आहेत. जेबीएल आणि हर्मन कार्डनची हर्मन कंपनी सॅमसंगने २०१७ मध्ये घेतली. डेनॉन, मॅरँट्झ आणि बाउवर्स अँड विल्किन्स २०२५ मध्ये त्याच हर्मनकडे आले. जपानची ओंक्यो २०२२ मध्ये दिवाळखोर झाली. चित्राच्या बाबतीत ‘कुरो’ प्लाझ्मामुळे जिची नक्कल करायला सगळे धडपडत होते, ती पायोनिअर टीव्हीच्या धंद्यातून दीड दशकापूर्वीच बाहेर पडली. उत्तम मालाची ख्याती होती, भाव मात्र कोसळत होते. त्या भावात ती ख्याती टिकली नाही.

त्यामुळे ‘जेबीएल आहे’ एवढ्यावर खरेदी करू नका. तेच नाव तीन हजारांच्या ब्लूटूथ डब्यावर असते आणि नव्वद हजारांच्या संचावरही. वॉट पाहताना ‘आरएमएस’ आकडा विचारा, ‘पीएमपीओ’चे हजारो वॉट सोडून द्या. टीव्हीला ‘एचडीएमआय एआरसी’ खाच आहे का ते बघा. ती नसेल तर आवाजासाठी दुसरा रिमोट सांभाळत बसावे लागते.

आता आपल्या घरांपुरते बोलू. ‘डॉल्बी ॲटमॉस’चे साउंडबार आवाज वर फेकतात. तो छतावर आपटून खाली आला की पाऊस डोक्यावरून पडतोय असे वाटते. त्यासाठी छत सपाट, टणक आणि आठ-दहा फुटांवर हवे. स्लॅबच्या घरात हे जमते. कौलारू किंवा पत्र्याच्या उतरत्या छपराखाली आवाज भलतीकडे जातो, काही माळ्यावर जिरतो, आणि ॲटमॉसचे दहा-पंधरा हजार कौलांतून निघून जातात. शिवाय जुलैत पत्र्यावर सरी कोसळत असताना ॲटमॉसचा खोटा पाऊस कोणाला ऐकायचा आहे? तेव्हा माणसांचे बोलणे स्पष्ट ऐकू यायला हवे. म्हणून कौलारू घरासाठी मधला, म्हणजे ‘सेंटर’ स्पीकर असलेला ३.१ किंवा ५.१ संच घ्या आणि ॲटमॉस विसरा.

ओलेडबद्दलही एक इशारा. काळोख्या खोलीत सिनेमा पाहायला ओलेडला तोड नाही. पण ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी चालू असते, तिथे कोपऱ्यातले बोधचिन्ह आणि खालची पट्टी कालांतराने पडद्यावर कायमची उमटू शकते. वॉरंटीत ते बहुधा बसत नाही. अशा घराने मिनी एलईडी घ्यावा.

खोक्याबाहेरचा खर्च

* भिंतीवरची पकड: ५०० ते १,५००. बसवणे फुकट म्हणतात, पण पकडीचे पैसे वेगळे. जांभ्याची किंवा मातीची भिंत असेल तर साधे फिशर ढिले होतात. आरपार बोल्ट तरी घ्या, नाहीतर टीव्ही टेबलावरच ठेवा.
* सर्ज प्रोटेक्टर: ६०० ते १,५००. बहुतेक नवे टीव्ही कमी-जास्त दाब सोसतात, त्यामुळे स्टॅबिलायझरपेक्षा हा महत्त्वाचा.
* अर्थिंग तपासणे, गरज पडल्यास नवे करणे: ५०० ते ५,०००. याशिवाय सर्ज प्रोटेक्टर नुसता शोभेचा.
* वाढीव वॉरंटी: टीव्हीच्या किमतीच्या साधारण पाच ते दहा टक्के. तीस हजारांच्या आत ती दोन वर्षांपेक्षा जास्त घेण्यात अर्थ नाही.
* ‘नो कॉस्ट’ हप्ते: प्रक्रिया शुल्क, व्याजावरचा जीएसटी आणि रोखीने मिळाली असती ती सूट, हे तिन्ही मिळून त्याची किंमत असते. दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा, हप्त्यांची गोष्ट नंतर काढा.
* जोडणी: डीडी फ्री डिशला एकदाचे दीड ते अडीच हजार आणि पुढे महिन्याला काही नाही. खासगी डिश किंवा केबलला महिना तीनशे ते पाचशे. फायबर आणि ॲप मिळून महिना सातशे ते हजार.

मुसळधार पावसात छतावरच्या डिशचे चित्र जाते. तो तंत्राचा स्वभाव आहे, त्यासाठी मेकॅनिकला पैसे देऊ नका. घाटाकडच्या वाडीत फायबर पोहोचले नसेल, तर मोबाइलच्या इंटरनेटवर ५५ इंची फोर के चालवण्याचा नाद सोडा. एका सिनेमात दिवसाचा डेटा संपतो.

महाड, मुंबई की ऑनलाइन?

गणपतीला येताना चाकरमान्यांनी मुंबईहून टीव्ही आणायचा ही जुनी रीत. मुंबईत पर्याय जास्त आणि घासाघीस चांगली होते, हे खरे. पण महामार्गाचे खड्डे लक्षात घ्या. मोठा टीव्ही नेहमी उभाच न्यावा. गाडीच्या डिकीत आडवा ठेवला की धक्क्यांनी पडदा तडकू शकतो, आणि तडकलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. मुंबईत पसंत करून, गावी कंपनीमार्फत पोहोचवण्याची सोय असेल तरच ते फायद्याचे.

ऑनलाइन घेतला तर ‘ओपन बॉक्स’ पद्धतीने घ्या. पोहोचवणाऱ्यासमोर खोके उघडा, टीव्ही चालू करून पांढरा आणि काळा पडदा पाहा, मगच ओटीपी द्या. त्याआधी ओटीपी दिला तर तडा कोणामुळे गेला यावर वाद घालत बसावे लागेल.

महाडच्या बाजारपेठेतला दुकानदार हजार-दीड हजार जास्त घेईल. त्या बदल्यात तो दुसऱ्या दिवशी फोन उचलतो, ओळखीचा मेकॅनिक पाठवतो आणि आठवड्यात बिघडलेला टीव्ही स्वतः कंपनीशी भांडून बदलून देतो. यातले काही करणार असेल तरच त्याला ते हजार द्या, आणि बिल घेताना हे बोलून घ्या. बिल पक्के हवे: जीएसटी क्रमांक, मॉडेल, सिरियल नंबर, तारीख. वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. दोन्हींचा फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा. महाडकरांना याचे कारण सांगायला नको, पुरात कपाटातली कागदपत्रे पहिली जातात.

पूर, वीज आणि विमा

२२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरचे फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन बहुतेक सगळे गेले. त्याच सुमारास तळिये आणि पोलादपूरकडच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. कंपनीची वॉरंटी, वाढीवसुद्धा, सहसा पुराचे पाणी धरत नाही. तिथे उपयोगी पडतो तो घराचा विमा.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी देतात. तिच्यात पूर आणि दरड दोन्ही धोके येतात. घराच्या इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा घेता येतो. दोन-अडीच लाखांचा संच घेणाऱ्याने आधी हा कागद करावा.

काही घरगुती खबरदारी:

* तळमजल्यावर असाल तर टीव्ही भिंतीवर कायमचा आवळू नका. दोघांना पाच मिनिटांत काढून माळ्यावर नेता येईल अशी पकड घ्या आणि मूळ खोके टाकू नका.
* पाणी लागलेला टीव्ही ‘बघू चालतो का’ म्हणून चालू करू नका. वाळवून मेकॅनिकला दाखवण्याआधी वीज दिली की दुरुस्त होणारे बोर्डही जळतात.
* मे आणि ऑक्टोबरातल्या विजांच्या कडकडाटात पिन काढाच, पण डिशची तारही सोडवा. वीज त्या तारेनेही आत येते.
* पावसाळ्यात रोज तासभर तरी टीव्ही चालवा. आतल्या उबेने ओल धरत नाही.
* पुरानंतर अर्ध्या भावात ‘खोके खराब, माल चांगला’ म्हणून मिळणाऱ्या वस्तूंपासून लांब राहा.

बिघडला तर किती?

वॉरंटीनंतर स्थानिक मेकॅनिककडचे साधारण दर: वीजपुरवठ्याचा बोर्ड १,००० ते ३,०००, आवाज आहे पण चित्र नाही, म्हणजे बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्या, तर १,५०० ते ३,५००, मुख्य बोर्ड ३,००० ते ८,०००. पडदा फुटला तर टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे जातात. अशा वेळी दुरुस्ती करू नका. कमी खपाच्या नावांचे बोर्ड तीन-चार वर्षांनी मिळेनासे होतात. म्हणून खरेदीआधी गावातल्या मेकॅनिकलाच विचारा, “कुठल्या कंपनीचे पार्ट तुला लगेच मिळतात?” त्याचे उत्तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे असते.

जुना डबा टीव्ही ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. त्याच्या काचेत शिसे असते. अदलाबदलीत शे-दोनशे आले तरी दुकानात द्या.

तीन घरांचा पाच वर्षांचा हिशेब

घर पहिले. पोलादपूर तालुक्यातली वाडी, दोघे वयस्कर, मुलगा मुंबईला. ३२ इंची टीव्ही ११,०००, फ्री डिश २,०००, सर्ज प्रोटेक्टर ६००, दुरुस्तीसाठी बाजूला २,५००. वीज महिन्याला सहा युनिट, युनिटला सात रुपये धरून पाच वर्षांत २,५२०. एकूण १८,६२०.

घर दुसरे. महाड शहर, चौघांचे कुटुंब. ४३ इंची फोर के २७,०००, साउंडबार ८,०००, पकड १,२००, सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंगची तपासणी १,५००, वाढीव वॉरंटी २,५००. मिळून ४०,२००. वीज महिन्याला साडेतेरा युनिट. महावितरणचा दर १०० युनिटांपुढे चढतो, म्हणून अकरा रुपये धरले तर ८,९१०. फायबर आणि ॲप महिना ८००, पाच वर्षांत ४८,०००. एकूण ९७,११०.

घर तिसरे. बिरवाडीकडे स्लॅबचे नवे घर, सिनेमाचा शौक. ५५ इंची ओलेड १,२०,०००, रिसीव्हर आणि ५.१ स्पीकर ९०,०००, तारा ८,०००, जोडणी ३,०००, अर्थिंग ५,०००, वॉरंटी ८,०००. मिळून २,३४,०००. वीज १५,८४०, फायबर आणि ॲप महिना हजाराप्रमाणे ६०,०००. एकूण ३,०९,८४०.

दुसऱ्या घराचा हिशेब पुन्हा वाचा. टीव्ही सत्तावीस हजारांचा आणि त्यावर दिसणारे अठ्ठेचाळीस हजारांचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! दुकानात पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे आपण न पाहिलेल्या ॲपचे पैसे वर्षानुवर्षे भरतो. महिन्याचे दोनशे रुपये कमी केले तर पाच वर्षांत बारा हजार वाचतात. तेवढ्यात ४३ चा ५५ होतो.

तिसऱ्या घरालाही एक सल्ला. पैसे कमी पडत असतील तर टीव्ही उतरवा, आवाज उतरवू नका. टीव्ही पाच-सहा वर्षांत जुना होतो आणि तोवर तसाच टीव्ही निम्म्या भावात मिळू लागतो. चांगले स्पीकर वीस वर्षे वाजतात.

तक्रार कुठे?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथेही निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. टीव्ही दादरला घेतला असला तरी पोलादपूरकराची तक्रार रायगडच्या आयोगाकडे चालते. आयोग अलिबागला आहे, म्हणजे शंभर किलोमीटरच्या पुढे. पण ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि सुनावणीला दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची मागणी करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नका.

निकाल

वाडीत राहत असाल तर ३२ किंवा ४३ इंची, दारात माणूस पाठवणाऱ्या नावाचा. महाड शहरात ४३ किंवा ५५ इंची, मधल्या भावाचा, आणि वाचलेल्या पैशात साउंडबार. शौकिनाने आधी खोली, अर्थिंग आणि विमा पाहावा, मग ओलेड. पडदा सगळीकडे जवळपास सारखाच झाला आहे, त्यामुळे नावाचे जास्तीचे पैसे द्यायचे ते फक्त दोन गोष्टींसाठी: डोळ्यांना दिसणारा फरक आणि तुमच्या पिनकोडला येणारा माणूस. दोन्ही नसतील तर स्वस्तातला घ्या आणि निर्धास्त राहा.